हर्णैचं पाणी

हर्णै बंदरातून होडी सुटली की समोर सुवर्णदुर्ग. महादरवाजा किनाऱ्याकडे तोंड करून उभा. पायरीवर हे कोरलेलं कासव, तटात मारुती. आता किल्ला आणि किनारा यांच्यामधली ही पाण्याची पट्टी बघा. विल्यम जेम्सचं नशीब इथेच उघडलं.

जेम्स मूळचा वेल्सचा. 1747 मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘बॉम्बे मरीन’ या आरमारात आला आणि 1751 मध्ये त्याचा कमोडोर, म्हणजे प्रमुख झाला. मार्च 1755 मध्ये 44 तोफांची ‘प्रोटेक्टर’ घेऊन तो मुंबईहून निघाला. मोहीम कंपनी आणि नानासाहेब पेशवे या दोघांची, रोख किल्ल्याचे धनी, मराठी आरमाराचे सरदार तुळाजी आंग्रे यांच्यावर.

2 एप्रिलला त्यानं खुल्या समुद्राकडून मारा केला. ही ती पश्चिम बाजू. खाली कातळ, वर हे चिरे. गोळे वाया गेले.

उरली पूर्वेची बाजू. तिथे पाणी उथळ. अशा जागी त्या काळी जहाज शिरायचं ते या शिशाच्या भरवशावर. दोरीला बांधलेलं हे वजन पाण्यात सोडून खोली मोजायची.

वजन सात ते चौदा पौंड. बुडाला खळगा, त्यात चरबी. दोरीला दोन वावांवर (एक वाव म्हणजे सहा फूट) चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन, पाचवर पांढरी चिंधी, सातवर लाल. काळोखातही खूण बोटांना कळते. चरबीला वाळू चिकटून आली तर नांगर धरेल. नुसता ओरखडा आला तर खाली खडक. जहाज वेगात असलं की शिसं मागे पडतं, दोरी तिरपी होते, पाणी आहे त्याहून खोल भासतं आणि जहाज रुततं. म्हणून शिसं पुढे फेकायचं आणि दोरी उभी झाली की मोजायचं.

दुसऱ्या दिवशी ‘प्रोटेक्टर’ आत आली, तटापासून जेमतेम शंभर यार्डांवर. एका बाजूच्या तोफा सुवर्णदुर्गावर, दुसऱ्या बाजूच्या किनाऱ्यावरच्या गोवा किल्ल्यावर. आत छपरं पेटली, दारूकोठार उडालं. जमिनीवर रामाजी महादेव पेशव्यांची फौज घेऊन होते. किल्ला पडला. पुढच्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या पाण्यात आंग्र्यांचं आरमार जळालं.

1759 मध्ये जेम्स मायदेशी परतला. कंपनीचा संचालक, पुढे अध्यक्ष, 1778 मध्ये ‘बॅरोनेट’ हा किताब. 1783 मध्ये तो वारला.

हा लंडनच्या शूटर्स हिलवरचा तिकोनी मनोरा. त्याच्या पत्नीनं 1784 मध्ये बांधवला, नाव ‘सेव्हर्नड्रूग’, म्हणजे आपला सुवर्णदुर्ग. दारावरचा लेख वाचा. किल्ला ‘मलबार’ किनाऱ्यावरचा म्हटलाय. तारीख 2 एप्रिल. पेशव्यांच्या फौजेबद्दल एक अक्षर नाही.