चौकात चालत राहिलेल्या आया

राजकारणात बायका किती असा विषय निघाला की आपण लगेच खासदार मोजायला बसतो. मोजायलाच हवेत, पण आज ज्या बायका तुम्हाला दिसणारेत त्या या हिशोबात कुठेच सापडत नाहीत, त्यांनी कधी फॉर्म भरला नाही की मतं मागितली नाहीत.

३० एप्रिल १९७७. अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयरेस, राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरचा चौक आणि तिथे जमलेल्या १४ बायका. लष्कराने सत्ता बळकावून वर्ष झालेलं, पोटची पोरं उचलून नेलेली, पोलीस ठाणी झाली, सरकारी कचेऱ्या झाल्या, सगळीकडे खेटे घातले तरी कुणी पत्ता लागू देईना. घोळका करायला बंदी, पोलीस म्हणायचे थांबू नका, चालायला लागा. मग या चालायलाच लागल्या! दोघी-दोघी, हातात हात घालून, मधल्या स्तंभाभोवती गोल गोल, दर गुरुवारी दुपारी साडेतीनला.

आणि एकदा यात्रेच्या गर्दीत एकमेकींना ओळखता यावं म्हणून त्यांनी डोक्याला काय बांधलं माहितीये, बाळाचं लंगोट. साधं पांढरं सुती कापड. मला तर हे सांगतानाही भरून येतं. पुढे तोच पांढरा रुमाल त्यांची ओळख झाला.

सरकारने त्यांना वेड्या ठरवलं. डिसेंबर १९७७ मध्ये त्यांची म्होरकी असुसेना व्हिजाफ्लोर हिलाच उचललं, आणखी दोघी आयांनाही. तरी गुरुवार थांबला नाही. १९७८ ला फुटबॉलचा वर्ल्ड कप तिथे भरला, परदेशी कॅमेरे आले आणि ते या चौकातही पोचले. राजवट गेली ती ब्रिटनशी फॉकलंड बेटांसाठीचं युद्ध हरल्यावर, एकट्या आयांनी पाडली म्हणणं खरं नाही, पण आमची पोरं कुठायत हा प्रश्न त्यांनी गाडू दिला नाही, आणि १९८५ मध्ये लष्करशहांवर खटला उभा राहिला.

आफ्रिकेतल्या लायबेरियात २००३ ला असंच. तिथलं यादवी युद्ध थांबवायला शेजारच्या घानात भरलेली शांतता चर्चा रेंगाळली तेव्हा पांढऱ्या कपड्यातल्या बायकांनी हॉलची दारंच अडवली. त्यांची म्होरकी लेमाह ग्बोवी, तिला पकडायला गार्ड आले तर ती स्वतःचे कपडे उतरवायला लागली, आईच्या वयाच्या बाईने असं करणं म्हणजे शापच, गार्ड मागे सरले. ऑगस्टमध्ये करारावर सह्या झाल्या.

आता पुन्हा त्या चौकात या. असुसेनाच्या अस्थींची ओळख पटायला २००५ उजाडलं. तिची राख त्याच स्तंभाच्या पायथ्याशी पुरलीये, जिथे ती गुरुवारी फेऱ्या मारायची.