अंगखूण, जनुक आणि चिठ्ठी

(जळगाव येथे विद्यार्थी, शेतकरी आणि निसर्गमित्रांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नवी प्रजाती सापडल्याची बातमी वर्तमानपत्रात येते तेव्हा तिचा साचा ठरलेला असतो. अमुक डोंगरात नवी पाल सापडली, डीएनए चाचणीने ती नवीच असल्याचं सिद्ध झालं, शास्त्रज्ञांचं अभिनंदन. बातमी चुकीची नसते, पण त्यातलं 'सिद्ध झालं' फार घाईचं असतं. एकट्या डीएनएने प्रजाती सिद्ध होत नाही आणि एकट्या रंगरूपानेही नाही. शिवाय या दोन्हींचा पाया असलेली एक गोष्ट बातमीत कधी येतच नाही. ती म्हणजे नमुन्याला बांधलेली चिठ्ठी. कुठे मिळाला, कधी मिळाला, कुणाला मिळाला, एवढंच त्या चिठ्ठीवर असतं. तेवढं खोटं निघालं तर पुढची सगळी हुशारी वाया जाते. हे सांगायला मला खानदेशाच्या बाहेर जावं लागत नाही, कारण याचं सगळ्यात मोठं उदाहरण शहाद्याचं आहे.

वनपिंगळा, म्हणजे जंगलातलं एक लहान घुबड, तुम्हाला ऐकून माहीत असेल. १८७२ साली आजच्या छत्तीसगडच्या भागात ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याला हा पक्षी मिळाला आणि १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी त्याचं वर्णन करून त्याला ब्लेविटचंच नाव दिलं. काँग्रेसच्या स्थापनेत पुढे दिसतात तेच हे ह्यूम. डीएनए तेव्हा स्वप्नातही नव्हता. ह्यूम यांच्यासमोर होतं ते फक्त पक्ष्याचं कातडं आणि स्वतःची नजर. त्या नजरेला काय दिसलं ते बघा. आपला नेहमीचा पिंगळा, जो गावातल्या चिंचेवर, जुन्या वाड्यात राहतो, त्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके असतात. वनपिंगळ्याचं डोकं आणि पाठ जवळजवळ बिनठिपक्यांची. पंखांवर आणि शेपटीवर रुंद, ठळक पांढरे पट्टे. छाती गडद तपकिरी, पोटाचा मधला भाग पांढरा स्वच्छ. पाय भरगच्च पांढऱ्या पिसांनी झाकलेले, डोकं आणि चोच अंगाच्या मानाने मोठी. एवढ्या खुणा एकत्र दिसल्यावर ह्यूम यांनी त्याला वेगळी प्रजाती तर म्हटलंच, पण त्याच्यासाठी हेटेरोग्लॉक्स हा वेगळा जीनसही उभा केला. जीनस म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

त्यानंतर १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने शहादा-तळोद्याच्या पट्ट्यातून काही वनपिंगळे गोळा केले. १८८४ नंतर खात्रीची नोंद थांबली. जगभरातल्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात नमुने होते. त्यातला एक मात्र विसाव्या शतकातला होता, निदान चिठ्ठीवर तरी तसं लिहिलं होतं. रिचर्ड माइनर्ट्झहेगन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली तो गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला मिळवल्याचं चिठ्ठी सांगत होती. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणत्यांनी शोध घेऊनही पक्षी हाती लागला नाही. तो नामशेष झाला, असंच बहुतेकांनी धरलं.

पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ आणि नायजेल कॉलर यांनी मग एक वेगळी वाट धरली. जंगलात जाण्याआधी त्यांनी संग्रहालयातली कातडी तपासली. क्ष-किरणांखाली बघितलं, आत भरण कशाचं आहे, टाके कसे घातलेत, हे पाहिलं. डेव्हिडसनची नमुना तयार करण्याची एक खास पद्धत होती, आणि मांडवीच्या त्या नमुन्यात तिच्या खुणा सापडल्या. डेव्हिडसनचाच एक नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, उसवून, नव्याने भरून त्यावर खोटी चिठ्ठी बांधली होती. म्हणजे मांडवी बाद, १९१४ बाद. मग उरली ती जुनी, प्रामाणिक चिठ्ठ्यांवरची ठिकाणं. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी ती ठिकाणं एकेक करून पालथी घातली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, दिवसाउजेडी एका उघड्या झाडावर बसलेला वनपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनी! डेव्हिडसनने चिठ्ठीवर गावाचं नाव खरं लिहिलं होतं म्हणून हे झालं. नंतर तो तोरणमाळच्या जंगलात, आपल्या यावल अभयारण्यात, मेळघाटात आणि मध्य प्रदेशातल्या खंडव्याच्या बाजूलाही आढळला.

आता त्या जीनसच्या मुद्द्याकडे. हेटेरोग्लॉक्स वेगळा मानायचा की वनपिंगळा साध्या पिंगळ्याच्या अथेन या जीनसमध्येच घालायचा, यावर शंभर वर्षं वाद चालला. हाडांवरून आणि काही वागणुकीवरून तो वेगळा वाटायचा. शेपूट झटकन डावी-उजवीकडे हलवण्याची त्याची लकब ज्यांनी बघितली आहे त्यांना हे लगेच कळेल. २०१८ साली भारतीय संशोधकांच्या गटाने त्याच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मायटोकॉन्ड्रियातली, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकातली, आणि पेशीकेंद्रातली, अशी दोन्हीकडची जनुकं घेतली होती. उत्तर आलं की वनपिंगळा अथेनच्या वंशवृक्षातच बसतो. काय झालं ते नीट बघा. ह्यूम यांनी दीडशे वर्षांपूर्वी नजरेने ओळखलेली प्रजाती डीएनएच्या कसोटीलाही उतरली. फक्त तिचं नातं कुणाशी, याचा ह्यूम यांचा अंदाज जनुकांनी दुरुस्त केला. डोळ्याला वेगळेपण चटकन दिसतं, नातं ओळखताना मात्र डोळा फसतो. दोघांची कामं वेगळी आहेत ती अशी.

डोळा आणखी कुठे फसतो? बामणोदचं भरिताचं वांगं घ्या, हिरवट, पांढरट, हातात न मावणारं. त्याच्या शेजारी मसाल्याचं काटेरी जांभळं वांगं ठेवा. परदेशातून आलेला माणूस शपथेवर सांगेल की ही दोन वेगळी झाडं. पण दोन्ही एकाच प्रजातीचे वाण आहेत. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५८ साली एका बदकाच्या नराला एक नाव दिलं आणि मादीला दुसरं, कारण दोघांचे रंग इतके वेगळे होते. संध्याकाळी घरात दिव्यावर येणारं तपकिरी फुलपाखरू पावसाळ्यात पंखावर ठसठशीत डोळे घेऊन येतं आणि कोरड्या ऋतूत वाळल्या पानासारखं होतं. ऋतू बदलला, प्रजाती तीच. म्हणून एका नमुन्यावर प्रजाती उभी करणं मला पटत नाही. नर, मादी, पिल्लू, वेगवेगळ्या ऋतूंतले, शक्य तितके बघावे लागतात.

आणि याच्या उलटही होतं. रूप एक, प्रजाती अनेक. इथे बरेच कापूस उत्पादक बसलेले आहेत. कपाशीच्या पानाखाली बसणारी पांढरी माशी शास्त्रज्ञ बेमिसिया टॅबासी या एकाच नावाने ओळखत आले. जनुकं तपासल्यावर त्या नावाखाली तीसहून जास्त प्रजाती दडल्याचं दिसलं. सूक्ष्मदर्शकाखालीही त्या वेगळ्या करता येत नाहीत. पण कोणती कीटकनाशकाला दाद देत नाही, कोणती कुठला विषाणू पसरवते, यात फरक आहे. म्हणजे प्रजाती ओळखणं ही फक्त संग्रहालयातल्या लोकांची हौस नाही, त्याचा तुमच्या फवारणीच्या खर्चाशी संबंध आहे.

माळरानावर उन्हाळ्यात गळ्याखालची रंगीत पिशवी पंख्यासारखी उघडझाप करणारा सरडा तुम्ही पाहिला असेल. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए याने १८२९ मध्ये पाँडिचेरीच्या नमुन्यावरून सिटाना पॉन्टिसेरियाना हे नाव दिलं आणि पुढे जवळपास दोनशे वर्षं द्वीपकल्पातले बहुतेक असे सरडे त्याच एका नावाखाली टाकले गेले. २०१६ मध्ये अंगाची मापं आणि जनुकं दोन्ही वापरून झालेल्या अभ्यासातून पाच नव्या प्रजाती आणि एक नवा जीनस पुढे आला. त्या जीनसला नाव दिलं 'सरडा', आपला मराठी सरडा! पहिल्या पावसात शेतात उकरून वर येणाऱ्या बेडकाचंही तसंच. पश्चिम भारतातला एक उकिरा बेडूक २०१७ साली स्फेरोथेका पश्चिमा म्हणून वेगळा ठरला. ही कोणी दुर्गम दरीतली जनावरं नव्हेत. रोज पायाखाली होती.

प्रत्यक्ष काम कसं चालतं? पालीचं घ्या. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंत डिजिटल कॅलिपरने लांबी, डोक्याची लांबी-रुंदी-उंची, ओठावरचे खवले किती, बोटाखालच्या पट्ट्या किती, नराच्या मांडीवर छिद्रं किती आणि मध्ये किती खवल्यांचं अंतर सोडून. हे एका पालीचं. असं प्रत्येकीचं करायचं आणि मग जवळच्या सगळ्या ज्ञात प्रजातींच्या मूळ नमुन्यांशी ताडून पाहायचं, मग ते कोलकात्यात असोत की लंडनमध्ये. यातच वर्षं जातात. डीएनएच्या भागाला त्या मानाने कमी वेळ लागतो. ऊतीचा अगदी लहान तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवायचा, आणि हा तुकडा नमुना फॉर्मॅलिन या टिकवण्याच्या द्रावणात घालण्याआधी काढायचा, कारण फॉर्मॅलिन डीएनएची नासाडी करतं. प्रयोगशाळेत पीसीआरने ठरावीक जनुकाच्या असंख्य प्रती काढायच्या आणि डीएनएच्या अक्षरांचा क्रम वाचायचा. प्राण्यांसाठी बहुधा सीओआय या जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचतात. कॅनडाच्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये याला 'डीएनए बारकोड' म्हणून पुढे आणलं. वनस्पतींत हे जनुक फार सावकाश बदलतं, म्हणून तिथे हरितलवकातली आरबीसीएल आणि मॅट-के ही जनुकं घेतात.

विद्यार्थ्यांनो, इथे सावध राहा. सीओआय मायटोकॉन्ड्रियात असतं आणि मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतं. दोन प्रजातींचा संकर झाला तर हे जनुक फक्त आईची बाजू सांगेल, बापाचा पत्ताच लागणार नाही. म्हणून पेशीकेंद्रातलं जनुकही बघायचं. दुसरं असं की दोन, तीन टक्के फरक दिसला की 'नवी प्रजाती' म्हणून टाळ्या वाजवू नका. असा एकच आकडा सगळ्या जीवांना लागू होत नाही. एकाच प्रजातीच्या दूरदूरच्या टोकांत इतका फरक असू शकतो, आणि अलीकडेच वेगळ्या झालेल्या दोन प्रजातींत तो अगदी थोडा असतो. तिसरं, जनुकांच्या सार्वजनिक कोशात कुणीतरी चुकीच्या नावाने टाकलेला क्रमही असतो. तुमचा नमुना त्याच्याशी शंभर टक्के जुळला तर चूक शंभर टक्के जुळली, एवढंच. आणि हे तपासायचं तर मूळ नमुना कुठल्या संग्रहालयात आहे आणि त्याच्या चिठ्ठीवर काय आहे, हेच बघावं लागतं. फिरून आपण चिठ्ठीपाशीच येतो. चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे सातबारा नसलेली जमीन. दिसते सगळ्यांना, पण तिच्यावर कुणाला काही उभारता येत नाही.

तुमच्यापैकी अनेकांकडे चांगले कॅमेरे आहेत. फोटो काढाल तेव्हा गावाचं नाव, शक्य तर अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, झाड कोणतं, जमीन कशी, हे त्याच दिवशी लिहा. पालीचा फोटो वरून, बाजूने आणि शक्य झाल्यास पोटाकडून हवा. ज्या पावरा किंवा भिल्ल मित्राने ती जागा दाखवली त्याचं नाव त्याच्या संमतीने नोंदीत घाला, कारण तोही त्या शोधाचा भाग आहे. जीव पकडू मात्र नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यासाठी परवानगी लागते. आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ नुसार नव्या प्रजातीचा नमुना सरकारने नेमलेल्या भांडारात जमा करावाच लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण, दोघांचीही पश्चिम विभागाची केंद्रं पुण्यात आहेत. तिथल्या तज्ज्ञांना पत्र लिहायला संकोच करू नका.

जाता जाता एक प्रश्न ठेवतो, तो माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, आणि मध्ये तापीचं सखल, तापलेलं खोरं. डोंगरातल्या ओलसर घळीत राहणारी पाल, गोगलगाय किंवा विंचू हे खोरं ओलांडू शकत असेल का? नसेल तर तोरणमाळच्या आणि पाटणादेवीच्या बाजूच्या, आज एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या जीवांची ताटातूट किती काळापूर्वी झाली? दोन्ही बाजूंचे नमुने, तीच मापं, तीच जनुकं, एवढ्यावर हा प्रश्न सोडवता येईल. परवानगीचा अर्ज, मार्गदर्शक आणि प्रयोगशाळा याबाबत ज्यांना बोलायचं आहे त्यांनी आत्ताच पुढे या, आपण इथेच बसून अर्जाचा मसुदा करू.