बायपास टाळून कोल्हापूर

श्रोतेहो, नमस्कार.

पुणे ते कोल्हापूर हे सुमारे 230 किलोमीटरचे अंतर महामार्गाने चार-साडेचार तासांत कापता येते, आणि तसे कापल्यास वाटेतील गावांची भेट फक्त पाट्यांवरील नावांपुरती होते. आमच्या काकांना हे मान्य नव्हते. महामार्गाने ज्या गावाला वळसा घातला आहे त्या गावात आपण शिरायचेच, अशी त्यांची अट होती. आणि गाडी त्यांचीच असल्यामुळे ती एकमताने मंजूर झाली.

पहिला घोळ खंडाळ्याला झाला. शिरवळ मागे पडून ‘खंडाळा’ ही पाटी दिसताच मुंबईहून आलेल्या आत्याने धुके आणि चिक्की यांची चौकशी सुरू केली. हे लोणावळ्याशेजारचे खंडाळा नसून सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे आणि सावित्रीबाई फुले यांचे नायगाव याच तालुक्यात आहे, असे काकांनी समजावून सांगितले. परंतु तोवर आत्याने स्वेटर चढवला होता, आणि माघार घेणे स्वभावात नसल्यामुळे खंबाटकी घाट ओलांडेपर्यंत तो तिने भर उन्हातही उतरवला नाही.

सुरूर फाट्यावरून आम्ही वाईत आलो. ज्या गावात मराठी विश्वकोशाचे संपादन झाले, त्या गावात रस्ता विचारताना जरा वेळ हाताशी ठेवावा. मेणवलीला कसे जायचे, एवढाच आमचा प्रश्न होता. त्यावर एका गृहस्थांनी ढोल्या गणपतीपासून प्रारंभ करून कृष्णेवरचे घाट, नाना फडणविसांचा वाडा आणि वसईच्या मोहिमेनंतर मेणवलीत आलेली पोर्तुगीज घंटा इतके सगळे सांगितले, शिवाय कोणत्या घाटावर कोणत्या हिंदी नायकाने कोणत्या खलनायकाला धोपटले याचाही तपशील पुरवला. डावीकडे वळायचे की उजवीकडे, एवढे मात्र राहून गेले.

पाचवडमार्गे पुन्हा महामार्गाला लागून आम्ही लिंबची बारा मोटेची विहीर पाहिली. शाहू महाराजांच्या काळातील हे दगडी बांधकाम इतके देखणे आहे की, तिथे भांडण करणे शोभत नाही. तरीही मोटांच्या जागा मोजताना काका आणि आत्या यांचे आकडे जुळेनात, आणि त्यांतला एकही बारा नव्हता.

साताऱ्यात कंदी पेढ्यांचे मूळ दुकान कोणते, या वादात न पडण्याचा शहाणा मार्ग म्हणजे प्रत्येक दुकानात चव घेणे. काकांनी तो निष्ठेने पत्करला. तेवढ्यात कोल्हापूरहून त्यांच्या मामेभावाचा फोन आला, की पांढरा रस्सा तयार आहे, कुठे आहात? “हे काय, कऱ्हाड आलेच,” असे काका तोंडातला पेढा सावरत म्हणाले.

कऱ्हाडला पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. महाबळेश्वराहून निघून वेगवेगळ्या खोऱ्यांतून आलेल्या कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन भेटतात, आणि संगमाच्या काठी यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. कोल्हापूर अजून सुमारे 70 किलोमीटर दूर होते. फोन पुन्हा वाजला, आणि काकांनी शांतपणे सांगितले, “पंचगंगेच्या पुलावर आहोत.” नेमके त्याच वेळी आत्याने खणखणीत आवाजात विचारले, “यातली कृष्णा कोणती आणि कोयना कोणती?” रश्श्याखालचा गॅस बंद करत असल्याचे मामेभावाने तत्काळ कळवले.