एक टोक तापलेलं, एक टोक गार

[पडद्यावर: पांढऱ्या पातळ चकत्यांच्या मध्ये उभ्या काळ्या, चौकोनी खांबांच्या रांगा]

हे थर्मोइलेक्ट्रिक मोड्यूल. वरची चकती तापवा, खालची गार ठेवा, तारांतून वीज मिळू लागते. तापमानातल्या फरकाचा हा परिणाम थॉमस सीबेक यांनी 1821 साली चुंबकसुईच्या हालचालीवरून टिपला होता. यात हलणारा एकही भाग नाही, असं कौतुकानं सांगितलं जातं.

ते तितकंसं खरं नाही. खांब हलतात, फक्त डोळ्यांना दिसत नाहीत.

हे खांब ज्या पदार्थांचे बनवतात, त्यांपैकी लेड टेल्युराइड घ्या. एक अंश तापमान वाढलं की त्याची लांबी दहा लाखांत सुमारे 20 भागांनी वाढते. म्हणजे 1 सेंटिमीटर उंचीचा खांब सरासरी 200 अंशांनी तापला, तर तो 40 मायक्रॉन वाढणार. केसाच्या जाडीपेक्षाही कमी! पण दोन्ही टोकं जखडलेली असली, तर ठिसूळ पदार्थाला एवढंही जड जातं. शिवाय खांबाचं तापलेलं टोक जास्त पसरतं, गार टोक कमी. पोलादासारखा शेजारी त्याच्या निम्म्याहून थोडाच अधिक पसरतो. ही ओढाताण जोडाच्या कोपऱ्यांत साचते, आणि तडा बहुधा तिथूनच निघतो.

गंमत अशी, की चांगल्या थर्मोइलेक्ट्रिक पदार्थातून उष्णता सहज वाहता कामा नये. वाहिली तर दोन टोकांतला फरकच टिकणार नाही. म्हणजे ज्या गुणामुळे वीज मिळते, तोच खांबाला आतून ताणतो.

[पडद्यावर: नमुन्याला वाकवणारं चाचणीयंत्र, भोवती भट्टी]

तापमान वाढतं तशी अणूंमधली पकड सैलावते. यंगचा गुणांक, म्हणजे पदार्थाचा ताठपणा, कमी होतो. खोलीच्या तापमानाला कट्कन मोडणारं लेड टेल्युराइड तापल्यावर नरम पडतं, भाराखाली हळूहळू सरकतं. त्यात थोडा ताण विरतो. पण यंत्र बंद झालं, की सरकलेला खांब आकसतो, नवा ताण घेतो, आणि तोवर पुन्हा ठिसूळही झालेला असतो. मला तर तापण्यापेक्षा हे निवणंच जास्त धोक्याचं वाटतं.

बिस्मथ टेल्युराइडची तऱ्हा निराळी. त्याचे थर पत्त्यांच्या जुडीसारखे, एकमेकांना जेमतेम धरलेले. थरांच्या दिशेनं ते सहज चिरतं. जर्मेनियम टेल्युराइड तर 400 ते 450 अंश सेल्सिअसच्या दरम्यान आपली स्फटिकरचनाच बदलतं.

[पडद्यावर: व्हॉयेजर यान]

1977 साली निघालेल्या व्हॉयेजर अंतराळयानांत खांबांसाठी सिलिकॉन-जर्मेनियम आहे. गरम टोक सुमारे 1000 अंश, गार टोक सुमारे 300. तरी ते टिकलं. त्याचं प्रसरण लेड टेल्युराइडच्या साधारण पावपट, हे एक कारण. दुसरं कारण फारसं बोललं जात नाही: यानात गरम टोक तापवणाऱ्या प्लुटोनियमची ऊब कधी बंदच होत नाही. गाडीच्या धुराड्यावर बसवलेल्या मोड्यूलला असं भाग्य कुठलं? इंजिन जितक्या वेळा सुरू, तितक्या वेळा तापणं आणि निवणं.

[पडद्यावर: चिमट्यात वाकवलेली करडी पट्टी]

आणि हे सिल्व्हर सल्फाइड. खोलीच्या तापमानाला धातूसारखं वाकणारं अर्धवाहक, असा त्याचा लौकिक 2018 साली झाला. नुसत्या सल्फाइडची वीज अगदीच बेताची. म्हणून त्यात सेलेनियम, टेल्युरियम मिसळून पाहतात. पट्टी वाकते आहे, मोडत नाही. मात्र साधारण 180 अंशांना तिचीही स्फटिकरचना पालटते.