रूलेटच्या टेबलावर शून्य सम नसते

नमस्कार. गोव्याला निघालेले प्रेक्षक दर आठवड्याला रूलेट या कॅसिनोतल्या जुगाराविषयी विचारतात, म्हणून आज तोच विषय घेतला आहे.

खेळ सोपा आहे: 0 ते 36 असे 37 खण असलेले चाक एका दिशेने फिरते, गोळी उलट दिशेने सोडली जाते, डीलर (टेबल चालवणारा कर्मचारी) ‘नो मोअर बेट्स’, म्हणजे आता पैसे लावणे बंद, असे म्हणेपर्यंत टेबलावर छापलेल्या आकड्यांवर चिप, म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या चकत्या, ठेवता येतात आणि गोळी ज्या खणात विसावते तो आकडा लागतो. एका आकड्याला 35 पट, दोन आकड्यांमधल्या रेषेवर 17 पट, चौघांच्या कोपऱ्यावर 8 पट, बारा आकड्यांच्या गटाला 2 पट आणि लाल-काळा किंवा सम-विषम यांना लावले तेवढेच पैसे मिळतात. शिवाय मूळ चिप परत येते.

खरा घोळ चाकावर 26 आणि 32 यांच्यामध्ये बसलेल्या हिरव्या शून्याचा आहे. ‘शाळेत शून्य सम शिकवले, मग माझे पैसे का गेले?’ असे एकाने रागाने लिहिले होते. त्यांच्यावर मी हसणार नाही, कारण गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनो-जहाजावर मीही समवर 500 रुपये लावले होते. शून्य आले, डीलरने त्या आकड्यावर खूण ठेवून माझी चिप ओढून घेतली आणि मी जिंकल्याच्या थाटात हात पुढे करून उभाच राहिलो. टेबलावर शून्य सम नाही, विषम नाही, लाल नाही, काळेही नाही.

हेच दुसऱ्या बाजूने पाहा. सर्व 37 आकड्यांवर शंभर-शंभर रुपये ठेवले, तर 3,700 लावून हाती 3,600 येतात. तो गेलेला शंभर म्हणजे शून्याची किंमत, अर्थात 2.70 टक्के. अमेरिकी चाकावर दुहेरी शून्याचा 38 वा खण असतो, पण एका आकड्याला पैसे तेच 35 पट मिळतात आणि तोटा 5.26 टक्क्यांवर जातो. म्हणून चिप घेण्याआधी चाकावरचे हिरवे खण मोजावेत, हे मी तिसऱ्या व्हिडिओत सांगतो आहे.

‘हरलो की दुप्पट लावायचे’ हा सल्लाही टिप्पण्यांत सारखा येतो. मोनॅकोतल्या मोंटे कार्लो कॅसिनोत 18 ऑगस्ट 1913 रोजी काळा सलग 26 वेळा आला आणि ‘आता लाल येणारच’ म्हणणारे बुडाले. गोळीला मागचा डाव आठवत नाही. शंभरपासून सुरुवात केली, तर आठ वेळा हरल्यावर 25,500 रुपये गेलेले असतात आणि नववा डाव 25,600 चा लागतो. टेबलाच्या कमाल मर्यादेने तो लावू दिला आणि जिंकलात, तर एकूण नफा शंभर रुपये.