माटवीखालचा मीपणा

(कुडाळजवळची एक वाडी. चतुर्थीची आदली संध्याकाळ.)

चाकरमानी आले, घर भरलं. गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला, माटवीला, रानातली शेरवडं, कवंडळं, आंब्याचे टाळे बांधून झाले. तेवढ्यात ओटीवरून थोरल्या दादांचा आवाज, "मी नसतंय तर ह्यां घर कधीच पडलां असतां!"

पावसाआधी कौलं चाळली धाकट्याने. माटवीचं सामान रानातून आणलं, तेही त्यानेच. गेल्या चतुर्थीला तो एकदाच म्हणाला होता, "दादा, कौलांचे पैसे मी दिलंय." दादा पानावरून उठले, दोन दिवस आरतीला आले नाहीत.

एवढ्याशा वाक्याने एवढं का बिघडावं? कारण मीपणात बुडालेल्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास दुसऱ्याच्या कौतुकावर तगून असतो. साधी दुरुस्तीही त्याला अपमान वाटते. सगळेच काही मोठ्याने बोलत नाहीत. कुणी ‘माझी कुणाला किंमतच नाही’ म्हणत रुसतं, आणि अख्खं घर त्या रुसव्याच्या तालावर चालतं.

हल्ली न पटणाऱ्या कुणालाही ‘नार्सिसिस्ट’, म्हणजे स्वतःच्याच प्रेमात बुडालेला, म्हणायची टूम निघाली आहे. बढाई हा आजार नव्हे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या ‘डीएसएम’ या निदान-पुस्तिकेत ‘नार्सिसिस्टिक’ व्यक्तिमत्त्व विकार १९८० साली आला. आता तिथे नऊ लक्षणं आहेत. त्यांतली किमान पाच, वर्षानुवर्षं, घरीदारी दिसली तरच निदान होतं. तेही तज्ज्ञाने करायचं, भावजयीने नव्हे.

भावजयीने, म्हणजे धाकट्याच्या बायकोने, यंदा वही घातली. रंग, भटजी, भजनाची उसळ, सगळा खर्च त्यात. आणि दोघांनी ठरवलं, चारचौघांत दादांची चूक काढायची नाही. बढाईला ‘बरं’, टोमण्याला ‘बघू’. सातबारा आणि वाटणी निघाली तर मात्र ‘बरं’ नाही, ठरेल ते कागदावर.

रोजचा अपमान, धमक्या असतील तर एवढं पुरत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात बाईचा शाब्दिक आणि भावनिक छळही येतो. मन मोकळं करायला टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ क्रमांक आहे; मराठीत बोलता येतं.

धाकटा ‘बरं’ म्हणू लागला तसा दादांचा आवाज आधी चढलाच. जुनी रीत चालेना की माणूस जोर लावून बघतो. मुंबईला फोन गेले, भावाला शिंगं फुटल्याचं वाडीभर झालं. धाकट्याने कुणाकडे खुलासा केला नाही. भजनाचा खर्च लिहून वही दादांपुढे धरली.

दादांनी सही केली नाही. वहिनींनी केली.