लोणच्याचं उरलेलं मीठ भाजीत घालताय?

(टेबलावर दोन वाट्या. एकीत खडे मीठ, एकीत पाकिटातलं.)

राम राम मंडळी. उन्हाळ्यात आपल्या खान्देशात पापड, बिबड्या, लोणची सुरू झाली की हे खडे मीठ पिशवी भरून घरात येतं. लोणचं घालून होतं, मीठ उरतं. मग ते वर्षभर वरणात, भाजीत, कळण्याच्या पिठात पडत राहतं. आमच्या घरीही तसंच व्हायचं. या मिठात बहुतेक वेळा आयोडीन नसतं.

आयोडीन लागतं किती? मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम. 70 वर्षांचं मिळून 4 ग्रॅमसुद्धा नाही! पण ते रोज मिळावं लागतं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी त्यापासूनच हार्मोन बनवते. आयोडीन कमी पडलं की मेंदूकडून तिला ‘अजून बनव’ असा निरोप येत राहतो, आणि ती फुगत जाते. हाच गलगंड.

डोंगरात हे जास्त दिसतं, कारण उतारावरचा पाऊस वर्षानुवर्षं मातीतलं आयोडीन धुऊन नेतो. मातीत नाही, तर धान्यात कुठून येणार?

1956 मध्ये वैद्यकीय संशोधक डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात एक प्रयोग सुरू केला. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीनचं मीठ, एकात साधं. काही वर्षांत त्या दोन भागांतला गलगंड स्पष्ट कमी झाला. साध्या मिठाच्या भागात तसा फरक पडला नाही. त्यातूनच 1962 चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला.

पण गळ्याची गाठ निदान दिसते तरी. मला जास्त काळजी वाटते ती पोटातल्या बाळाची. पहिले काही महिने बाळ आईच्याच थायरॉइड हार्मोनवर अवलंबून असतं, आणि त्याच काळात त्याचा मेंदू घडत असतो. आईला आयोडीन फारच कमी पडलं, तर मूल बहिरं किंवा मतिमंद जन्मू शकतं. गेलेलं ते नंतर औषधानं पूर्ण भरून येत नाही. म्हणून गरोदर बाईची गरज 250 मायक्रोग्रॅम धरतात.

हिवाळ्यात आपण बाजरीची भाकरी खातो. बाजरीतले काही घटक थायरॉइडच्या कामात अडथळा आणतात. बाजरी सोडू नका, मीठ तेवढं योग्य वापरा. आणि सैंधव ‘नैसर्गिक’ म्हणून रोज वापरत असाल, तर त्यातही पुरेसं आयोडीन नसतं.

(पाकीट दाखवत) पाकिटावर हसरा सूर्य, म्हणजे आयोडीनच्या मिठाची खूण, बघून घ्या. मीठ झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवा, चुलीपासून लांब. ओल आणि उष्णतेनं आयोडीन उडतं. शक्य असेल तर भाजी उतरवताना मीठ घाला. जास्त मीठ खा, असं मी म्हणत नाही; आहे तेवढंच, पण आयोडीनचं.

आणि लोणच्याचं मीठ? वेगळ्या डब्यात, वरच्या फळीवर. डब्यावर चिठ्ठी लावा: ‘फक्त लोणच्यासाठी’.